पाकिटाच्या सीलमध्ये अडकलेला चिवडा कॅमेऱ्याला दिसतो का?

फरसाण_बहाद्दर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमचा फरसाण-चिवड्याचा मध्यम आकाराचा कारखाना आहे आणि मी तिथे क्वालिटी बघतो. मालक नुकतेच एका प्रदर्शनाला जाऊन आले, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात 'एआय कॅमेरा' बसलाय. विक्रेत्याच्या व्हिडिओत पट्ट्यावरून पाकिटं सुळकन जातात, सीलमध्ये शेंगदाणा अडकलेल्या पाकिटाभोवती लाल चौकट येते आणि हवेच्या फटक्याने ते बाजूला पडतं. बघायला झकास आहे. मालकांना दिवाळीचा माल सुरू व्हायच्या आत ते हवंय, आणि 'घ्या' की 'नको' हे सांगायचं काम माझ्याकडे आलंय.

आमची अडचण अशी. २०० ग्रॅमची पाकिटं, उभं फॉर्म-फिल-सील मशीन (फिल्मचं पाकीट बनवणं, भरणं आणि सील करणं एकाच जागी), मिनिटाला ५०. लॅमिनेट, म्हणजे एकमेकांना चिकटवलेली फिल्म, तीन थरांचं: बाहेर छापलेलं पीईटी (पॉलिएस्टर), मध्ये मेटलाइज्ड पीईटी, आत पॉली (पॉलिथिलीन). आडव्या सीलमध्ये कधी पोह्याचं टोक येतं, कधी तिखट-हळदीची भुकटी, कधी नुसता तेलाचा ओघळ. लाइनवर कळत नाही, पाकीट टम्म फुगलेलंच असतं. नायट्रोजन हळूहळू निघून जातो आणि काही आठवड्यांनी दुकानदाराचा फोन येतो, माल मऊ पडलाय, खवट वास येतोय. सध्या ॲक्रिलिकच्या पेटीत पाण्याखाली पाकीट धरून व्हॅक्यूम लावतो आणि बुडबुडे बघतो. पण ती तपासणी दर अर्ध्या तासाला चार-पाच पाकिटांची, आणि तपासलेली पाकिटं ओली होऊन बाद.

कॅमेऱ्याने हे शंभर टक्के पकडता येतं का? कुणी वापरलंय का? विक्रेत्याला काय विचारू?

---

नुसताच_खवय्या | सोमवार, रात्री ९:५५

आधी पाकिटात हवा किती आणि चिवडा किती ते कॅमेऱ्याने मोजा, मग सीलकडे वळा 😀

---

फरसाण_बहाद्दर | सोमवार, रात्री १०:०५

खवय्याराव, ती हवा नाही, नायट्रोजन आहे. तो नसेल तर तेल खवट होतं आणि ट्रकमध्ये पोह्यांचा भुगा होतो. वजन छापल्याइतकंच असतं, घरी तोलून बघा.

---

तिसरा_डोळा | सोमवार, रात्री ११:२०

भोसरी-चाकण पट्ट्यात मशीन व्हिजनची कामं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅमेरा कोणता हा शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की तुमच्या फिल्ममधून कोणता प्रकाश आरपार जातो? पोह्याचं टोक दोन फिल्मच्या मध्ये दाबलं गेलंय. कॅमेरा बाहेर आहे. मध्ये मेटलाइज्ड थर आहे, म्हणजे ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा. दृश्य प्रकाश त्यातून कामापुरता जात नाही आणि निअर-इन्फ्रारेडही (लालच्या लगेच पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश) नाही. म्हणजे नेहमीच्या कॅमेऱ्याला फक्त वरचा पृष्ठभाग दिसणार. शेंगदाण्याने सीलला टेंगूळ आलं असेल तर तिरप्या दिव्यात त्याची सावली पडेल आणि तो सापडेल. व्हिडिओत शेंगदाणाच का दाखवतात ते आता लक्षात येईल. भुकटीने टेंगूळ येत नाही. शिवाय तुमच्या जॉला (सील दाबणाऱ्या गरम जबड्यांना) दाते असणार, म्हणजे सीलवर आधीच रेघोट्या आहेत. त्या प्रत्येक रेघेची सावली पडते आणि बारीक फुगवटा त्यात हरवतो. वर एआय लावा नाहीतर आणखी काही, जे चित्रात उतरलंच नाही ते सॉफ्टवेअर कुठून आणणार?

मेटलाइज्ड फिल्मसाठी व्यवहारात उरते ती उष्णता. सील नुकतंच झालेलं असतं, गरम असतं. थर्मल कॅमेरा ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात ती उष्णता बघतो. सील स्वच्छ असेल तर आडवी पट्टी एकसारखी दिसते. मध्ये पोहा असेल तर त्याने उष्णता शोषलेली असते, त्यामुळे तेवढी जागा आधी आजूबाजूपेक्षा थंड दिसते. गंमत पुढे आहे. स्वच्छ सील पातळ, ते लवकर निवतं. पोह्याची जागा जाड, ती उशिरा निवते. म्हणजे थोड्या वेळाने तीच जागा आजूबाजूपेक्षा गरम दिसते. या दोन्हींच्या मध्ये एक क्षण असा येतो की फरकच दिसत नाही. कॅमेरा नेमका त्या जागी बसला तर सगळा माल 'पास'. त्यामुळे जॉपासून किती अंतरावर कॅमेरा लावायचा हे कॅटलॉग बघून ठरत नाही, तुमच्या पट्ट्यावर तुमचंच पाकीट चालवून ठरवावं लागतं.

---

चाकणचा_चक्रधर | सोमवार, रात्री ११:३५

+१. 'चित्रात उतरलंच नाही' हे आमच्या खरेदी विभागाला फ्रेम करून देतो.

---

उत्रेख्तची_काकू | मंगळवार, पहाटे २:१०

मी नेदरलँड्समध्ये चीज पॅकिंगमध्ये आहे. आमच्याकडे हीच डोकेदुखी, फक्त पोह्याच्या जागी किसलेल्या चीजचे तंतू. एखादा तंतू सीलमध्ये आला की आतला कार्बन डायऑक्साइड-नायट्रोजन निघून जातो, हवा शिरते आणि मुदतीच्या आत बुरशी येते.

पण आमची फिल्म मेटलाइज्ड नाही, त्यामुळे आम्हाला शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडचा (निअर-इन्फ्रारेडच्याही पुढच्या प्रकाशाचा) रस्ता मोकळा आहे. साधा सिलिकॉन सेन्सर साधारण १००० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंत बघतो, त्यापुढे इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा सेन्सर लागतो, तो ९०० ते १७०० पर्यंत. छपाईच्या बहुतेक रंगीत शाया तिथे पारदर्शक होतात. आपल्या डोळ्यांना निळं-लाल पाकीट दिसतं, कॅमेऱ्याला कोरी फिल्म दिसते. पाणी १४५० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश जोरात शोषतं आणि चीजमध्ये पाणी भरपूर, त्यामुळे तंतू काळाकुट्ट उठून दिसतो.

अपवाद काळ्या शाईचा. ती कार्बनची असते आणि कार्बन कोणताच प्रकाश सोडत नाही. एका पाकिटावर डिझाइनरने सीलच्या पट्टीत काळी नक्षी आणली होती, तेवढ्या भागात कॅमेरा आंधळा. आता सीलच्या पट्टीत काळं काहीही छापायचं नाही असं डिझाइन विभागाला लेखी दिलंय.

फरसाण_बहाद्दर, तुमच्याकडे फिल्म बदलून पारदर्शक केली तरी हा उपाय तुम्हाला तितका लागू पडणार नाही बरं का. चिवडा कोरडा, त्यात पाणी जवळजवळ नाहीच. आणि तेलाचं तर आणखी अवघड. तेल आणि पॉलिथिलीन दोन्हींत कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या, त्यामुळे १२०० आणि १७२० नॅनोमीटरच्या आसपास दोघंही सारखाच प्रकाश खातात. पॉलीवरचा तेलाचा ओघळ या पट्ट्यात शोधणं म्हणजे दुधात सांडलेलं दूध शोधणं.

---

फरसाण_बहाद्दर | मंगळवार, सकाळी ७:१५

काकू, डोळा, दोघांचेही आभार. म्हणजे तेलाचा ओघळ थर्मलमध्येही दिसणार नाही का?

---

तिसरा_डोळा | मंगळवार, सकाळी ९:३०

पातळ ओघळ असेल तर भरवसा नाही. तेलाचा थर काही मायक्रॉनचा, त्यात साठणारी उष्णता नगण्य. सील त्यामुळे कुठे उघडंच राहिलं असेल तर कदाचित फरक दिसेल. विक्रेता 'तेलही पकडतो' म्हणाला तर तुमच्याच तेलाने, तुमच्याच फिल्मवर करून दाखवायला सांगा.

थर्मलच्या आणखी दोन खोडी सांगून ठेवतो.

एक म्हणजे वेग. स्वस्त, न थंडावलेल्या थर्मल सेन्सरला प्रतिसाद द्यायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, आणि तो दोष सॉफ्टवेअरने घालवता येत नाही. मिनिटाला ५० पाकिटं, दोन पाकिटांत ३०० मिलिमीटर धरलं तर पट्टा सेकंदाला २५० मिलिमीटर सरकतो. १० मिलिसेकंदांत अडीच मिलिमीटर. म्हणजे अडीच मिलिमीटरची वस्तू पुसट होऊन फराटा बनते. तुमच्या वेगाला पोहा निभेल, मिनिटाला १५० पाकिटांच्या लाइनवर निभणार नाही. थंडावलेले सेन्सर चपळ असतात, पण त्यांच्या किमतीत दुसरं पॅकिंग मशीन बघता येईल. आणि सेकंदाला किती फ्रेम ते विचारा. निर्यात निर्बंधांमुळे बरेच थर्मल कॅमेरे ९ हर्ट्झचे विकले जातात. त्यात नेमक्या क्षणी चित्र मिळेलच असं नाही.

दुसरी खोड परावर्तनाची. पीईटीखाली लगेच धातूचा थर आहे आणि धातू उष्णतेलाही आरशासारखा परतवतो. ऑपरेटरचा हात, जॉची गरम कड, वरचा हॅलोजन, सगळं पाकिटावर 'दिसतं'. त्यामुळे कॅमेऱ्याभोवती काळा बोगदा करावाच लागतो.

---

हळदकुंकू | मंगळवार, सकाळी ११:००

सांगलीहून. आमचं हळद आणि तिखट पारदर्शक पाऊचमध्ये जातं. आम्हाला साधा कॅमेरा चालेल ना मग?

---

तिसरा_डोळा | मंगळवार, दुपारी १:४५

हळदकुंकू ताई/दादा, तुमचं काम यांच्यापेक्षा खूप सोपं. पाऊचच्या मागून दिवा (बॅकलाइट), समोर कॅमेरा. फक्त दिव्याचा रंग विचार करून घ्या. हळद निळा प्रकाश शोषते, त्यामुळे निळ्या दिव्यात ती जवळजवळ काळी दिसते. तिखटाला निळा किंवा हिरवा. लाल दिवा मात्र घेऊ नका, लाल दिव्यात तिखट पांढऱ्या जमिनीवर विरघळून जातं. हळदीसाठी अतिनील दिवाही वापरून बघा, करक्युमिन त्यात पिवळट-हिरवं चमकतं. पण आधी फिल्मचा कोरा तुकडा त्या दिव्याखाली धरा, काही फिल्म स्वतःच चमकतात.

कॅमेऱ्याचा हिशेबही लहान आहे. पाऊच १५० मिलिमीटर रुंद, सगळ्यात लहान कण अर्ध्या मिलिमीटरचा पकडायचा, त्याच्यावर निदान ४ पिक्सेल हवेत. म्हणजे पिक्सेलला ०.१२५ मिलिमीटर, रुंदीत १२०० पिक्सेल. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरतो, बारा मेगापिक्सेलवाल्याच्या नादी लागू नका. एक्स्पोजर २०० मायक्रोसेकंदांच्या आसपास ठेवा आणि दिवा स्ट्रोबवर (क्षणभर लखलखणारा) चालवा, म्हणजे हलत्या पाऊचचं चित्र फाटणार नाही.

---

हळदकुंकू | मंगळवार, दुपारी २:०५

ताई 🙂 निळा दिवा आजच आणायला सांगते.

---

रिटॉर्टवाला_रत्नागिरीचा | मंगळवार, सायंकाळी ६:३०

चिवड्यात गळती म्हणजे मऊ माल आणि बोलणी खाणं. आमच्याकडे ते इतक्यावर भागत नाही, म्हणून जरा लिहितो.

आम्ही रस्सा-करी रिटॉर्ट पाऊचमध्ये, म्हणजे भरून सील केल्यावर दाबाखाली शिजवायच्या पाऊचमध्ये भरतो. पीईटी, ॲल्युमिनियम फॉइल, नायलॉन आणि आत कास्ट पॉलिप्रॉपिलीन. हा आरपार काही दिसू न देणारा थर खराखुरा धातूचा पत्राच आहे. भरताना रश्श्याचा थेंब सीलच्या जागी उडाला की जॉ बंद होताना त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि सीलमध्ये बारीक बोगदा राहतो. वाफ होताना उष्णता खाल्ली जाते, त्यामुळे थर्मलमध्ये आमचा दोष चिवड्यापेक्षा स्पष्ट येतो, थंड ठिपका म्हणून.

नंतर पाऊच १२१ अंशांवर शिजतो, आतलं सगळं निर्जंतुक होतं. धोका त्यापुढे, थंड करताना. गरम पाऊच निवतो, आत दाब कमी होतो आणि तो बोगदा बाहेरचं पाणी आत ओढतो. १९६४ साली स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला टायफॉइडची साथ आली, ४००हून जास्त माणसं आजारी पडली. मूळ सापडलं अर्जेंटिनाहून आलेल्या कॉर्न्ड बीफच्या डब्यात. डबे शिजवून झाल्यावर क्लोरीन न घातलेल्या नदीच्या पाण्यात थंड केले होते आणि डब्याच्या फटीतून ते पाणी आत गेलं. १९८२ मध्ये बेल्जियममध्ये एक माणूस बोट्युलिझमने (जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेने) गेला, तो अलास्काच्या डबाबंद सामन माशामुळे. डब्याचा आकार घडवणाऱ्या यंत्रातल्या दोषाने पत्र्याला बारीक भोक पडलं होतं. त्यानंतर कोट्यवधी डबे परत बोलावले गेले.

म्हणून आमच्याकडे कॅमेरा असला तरी बर्स्ट टेस्ट (हवा भरून सील फुटतं का ते बघणं) आणि इन्क्युबेशन (काही पाऊच उबेत ठेवून खराब होतात का ते बघणं) बंद होत नाही. थंड करायच्या पाण्यातलं क्लोरीन दर शिफ्टला तपासतोच.

---

नुसताच_खवय्या | मंगळवार, सायंकाळी ६:५०

जेवायच्या वेळेला हे वाचायला नको होतं.

---

जॉ_तोडके | मंगळवार, रात्री ८:१५

मी पॅकिंग मशीनचं मेंटेनन्स करतो. कॅमेरेवाल्यांना वाईट वाटेल, पण पोहा सीलमध्ये येतोच का, हे कुणी विचारलंच नाही.

उभ्या मशीनवर एकाच ठोक्यात खालच्या पाकिटाचं वरचं सील आणि वरच्या पाकिटाचं खालचं सील होतं, मधून सुरी कापते. म्हणजे एक पोहा चुकीच्या वेळी आला की दोन पाकिटं संशयित. येतो का? मल्टिहेडमधून (माल तोलून सोडणाऱ्या यंत्रातून) माल पडताना शेंगदाणे-डाळं झपकन खाली जातात आणि पोहे तरंगत मागून येतात. जॉ तोवर मिटायला लागलेले असतात. चिवड्यातला हा फरक साध्या शेवेत नाही. म्हणून शेवेच्या सेटिंगवर चिवडा चालवला की बोंब. जॉ मिटायला जरा उशीर द्या, वेग थोडा उतरेल. जॉवर स्ट्रिपर पट्ट्या असतील तर त्यांचं अंतर बघा, त्या मिटण्याआधी फिल्म निपटून माल खाली ढकलतात. भुकटीसाठी फॉर्मिंग ट्यूबपाशी (जिच्याभोवती फिल्म गुंडाळली जाते आणि जिच्यातून माल पडतो ती नळी) अँटिस्टॅटिक बार लावा. फिल्मवर वीज साठली की तिखट तिला चिकटून बसतं. थंडीत, हवा कोरडी असताना जास्त. आणि तेलाचा ओघळ बहुतेक वेळा ट्यूबच्या खालच्या कडेवर साठलेल्या तेलाचा असतो. दर शिफ्टला पुसता का?

आणखी एक. काही मशीन सर्वो मोटरवर चालणारे जॉ कुठवर मिटले ते मोजतात. शेंगदाणा किंवा जाड पोहा असेल तर जॉ पूर्ण मिटत नाहीत, मशीनला तिथल्या तिथे कळतं आणि ते पाकीट बाद करता येतं. कॅमेरा नको, बोगदा नको. तुमच्या मशीनमध्ये ही सोय असून बंद केलेली असू शकते. आधी मॅन्युअल उघडा.

---

उत्रेख्तची_काकू | मंगळवार, रात्री ११:४०

जॉ_तोडके यांना शंभर टक्के अनुमोदन. एक भर घालते, आतला थर. साध्या एलडीपीईऐवजी (नेहमीच्या पॉलीऐवजी) आयोनोमर किंवा मेटॅलोसीन पॉली या खास प्लास्टिकचा थर घेतला तर थोडी भुकटी, थोडं तेल असतानाही सील धरतं. महाग पडतो, पण कॅमेरा जिथे आंधळा आहे त्या तेलावर उपाय हाच. पुरवठादाराकडून नमुन्याचा रोल मागवा आणि सीलची ताकद मोजून घ्या. अंधेरीच्या भारतीय पॅकेजिंग संस्थेत लॅमिनेटच्या चाचण्या होतात.

---

तिसरा_डोळा | बुधवार, सकाळी १०:००

तोडकेसाहेब, वाईट कशाला वाटेल? माझी निम्मी कामं मशीन नीट सेट झाल्यावर रद्द होतात, ती झालेली बरी.

पण कॅमेरा घ्यायचं ठरलंच तर मालकांना हा हिशेब दाखवा. मिनिटाला ५०, आठ तासांत २४,००० पाकिटं. धरा, हजारात २ सीलला दोष आहे, म्हणजे ४८ खराब. कॅमेरा त्यातली ९५ टक्के पकडतो, साधारण ४६. उत्तम. पण चांगल्या पाकिटांपैकी १ टक्का तो उगाच बाद करतो असं धरा, म्हणजे जवळजवळ २४०. बाद खोक्यात २८५च्या आसपास पाकिटं आणि त्यात सहापैकी पाच चांगली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऑपरेटर ती उघडून बघतो, काही सापडत नाही, मग तो कॅमेऱ्याची संवेदनशीलता कमी करतो किंवा खोक्यातली पाकिटं परत पट्ट्यावर ठेवतो. हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलंय. म्हणून विक्रेत्याला 'किती पकडतो' याच्या जोडीला 'चांगली किती फेकतो' हे विचारा, आणि दोन्ही आकडे एकाच सेटिंगवरचे मागा.

खोक्याला कुलूप हवं. पाकीट खरंच खोक्यात पडलं का ते बघणारा सेन्सर हवा.

---

फरसाण_बहाद्दर | बुधवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मॅन्युअल उघडलं. जॉ मिटण्याची सोय आहे आणि ती बंदच होती, तोडकेसाहेब! चालू केली. चिवड्यासाठी वेगळं सेटिंग करून जॉचा उशीर वाढवला, वेग मिनिटाला ४६वर आला. मालक कुरकुरले, पण तूर्त चालतंय. ट्यूब पुसण्याची नोंदवही सुरू केली.

थर्मलचा विषय मालकांनी सोडलेला नाही. आम्ही मुद्दाम खराब केलेली पाकिटं बनवून विक्रेत्याकडे पाठवायचं म्हणतोय: पोहा, अर्धा पोहा, तिखट, केस, दोरा, तेलाचा थेंब, सुरकुती, सगळ्यावर नंबर टाकून. चालेल ना?

---

तिसरा_डोळा | बुधवार, रात्री ९:५०

यादी चांगली आहे, त्यात चांगली पाकिटंही भरपूर मिसळा आणि कोणता नंबर कसला हे त्याला सांगू नका. पण कुरियरने पाठवून उपयोग नाही. पाकीट त्याच्याकडे पोचेपर्यंत सील थंडगार, थर्मलला दिसणार काय? सील झाल्यावर एक-दोन सेकंदांत बघावं लागतं. म्हणजे कॅमेरा घेऊन त्यालाच तुमच्या लाइनवर यावं लागेल. जो यायला तयार नाही त्याला तिथेच वगळा.

---

जॉ_तोडके | बुधवार, रात्री १०:०५

आणि त्या दिवशी चिवडाच चालवा. शेव लावून डेमो पास करून घेतील.

---

फरसाण_बहाद्दर | बुधवार, रात्री १०:३०

चिवडाच. पितृपक्षात लाइनला जरा उसंत असते, तेव्हा बोलावतो. मालक त्या दिवसांत काही विकत घेणार नाहीत, पण डेमोला त्यांची हरकत नाही म्हणाले.